एका डोळ्याचा देव

“हात लावलास? नाण्याला हात लावलास?” लक्ष्मीपूजनाच्या चौरंगासमोर नवऱ्याचा थयथयाट चालला होता.

इंदुमतीने त्याच्या कपाटातलं चांदीचं नाणं डबीतून काढून, पंचामृताने न्हाऊ घालून, हळदीकुंकू वाहून पूजेत मांडलं होतं. त्यावर कोरलेला होता एका डोळ्याचा ओडिन, नॉर्वेकडचा जुना देव.

“हे पूजेचं नव्हे, संग्रहाचं नाणं! डाग पडला की मातीमोल. तुझ्या डोक्यात नुसतं शेण भरलंय!”

“देव आहे ना? मग त्याला पुजतं कोण?”

“कोणी नाही. शेकडो वर्षांत कोणी विचारलेलं नाही त्याला,” तो तुच्छतेने हसला.

कपाटाला रोज कुलूप घालणाऱ्या त्या भक्ताकडे तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लाह्या-बत्तासे ओडिनपुढे सरकवले.

“सरका जरा. एकच डोळा आहे त्याला, दिव्याचा उजेड अडवू नका.”