तंबाखूचा चीक

"आबा, झोपलात का?"

"नाय. वाच तू. डोळा बांधलाय, कान नाय बांधले."

बजाजनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात दुपारी दोघंच होती. परवाच पुंडलिकचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यासाठी मुलानं त्याला पिशोरहून इकडं आणलं होतं. नात विशाखा इतिहासात एम.ए. करत होती. उद्या तिला विद्यापीठात सगळ्या वर्गासमोर निबंध वाचायचा होता आणि आज ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

ती वाचू लागली. अमेरिकेतला व्हर्जिनिया नावाचा मुलूख, तिथली तंबाखूची मोठाली शेतं, आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं. ती माणसं मालकानं विकत घेतलेली, त्यांना झालेली लेकरंसुद्धा मालकाचीच. इंग्लंडला किती तंबाखू जाई, कोणत्या साली किती वाढली. आकडे तिनं घोटून पाठ केले होते. शिकवणाऱ्या अजरा मॅडम आकड्यांवरच अडवायच्या.

"'लहान मुलांना पानांवरच्या अळ्या वेचायला लावत. मोठी माणसं शेंडे खुडत. खायला बहुतेक मक्याचं पीठ मिळे.'" तिनं पान उलटलं.

"थांब," पुंडलिक म्हणाला. "ते जेवायचे कसे?"

"म्हणजे?"

"हातानं का कशानं?"

विशाखानं कागद चाळले. "तसं कुठं लिहिलेलं नाही, आबा. का?"

"शेंडा खुडला की चीक निघतो. हाताला बसतो अन् काळा पडतो. राखेनं घासा, मातीनं घासा, जात नाय. त्या हातानं भाकर तोंडात घातली की जीभ कडू जहर. वकारी यायची."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

 घरात हे त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई गेली तवा मी सात वर्साचा, चंपाअक्का अकराची. एका मालकानं आम्हाला पोटावर ठिवलं. दिवसभर काम करायचं अन् दोन टाइम भाकर खायची. त्याचं हिरीच्या पाण्यावर तंबाखूचं वावर व्हतं. मी अळ्या येचायचो, अक्का शेंडे खुडायची. तिच्या हाताखाली मी बी खुडायचो. पहिल्या दिवशी खाल्लेलं समदं ओकलो. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी अक्का उजव्या हाताला फडकं गुंडाळून वावरात आली. म्हणली, काटा रुतलाय."

"मग?"

"मग डाव्या हातानंच खुडायची. काम उरकायचं नाय. मालकाचा माणूस मागून फोक घेऊन यायचा. तिच्या पाठीवर वळ उठायचे. पण फडकं काय तिनं सोडलं नाय. दुपारी बांधावर बसलो की मला म्हणायची, डोळे मीट अन् आ कर. तसंच भरवायची. मी मिटलेल्या डोळ्यानं खायचो. वकारी नाय, काय नाय."

तो अंथरुणावर उठून बसला.

"एक दिवस मी डोळे उघडले. फडकं मांडीवर पडलेलं. उजवा हात धुतल्यावानी साफ. काट्याची खूणसुदिक नाय."

"तुम्ही तिला विचारलं नाही?"

"नाय. इचारलं असतं तर घास उतरला नसता. मी परत डोळे मिटले."

"किती दिवस असं?"

"तंबाखू निघस्तोवर. तीन महिने. मग मामा आला अन् आम्हाला घेऊन गेला."

विशाखानं हातातले कागद पाहिले. एकोणीस पानं होती. तिनं पेन्सिल घेतली आणि मक्याच्या पिठाच्या ओळीशेजारी लिहिलं, 'ते जेवत कसे असतील?' त्यापुढं काहीच लिहिलं नाही. उत्तर तिला ठाऊक नव्हतं.

मग तिनं मोबाइल उचलला.

"कुणाला लावती?"

"चंपाआजीला."

"कशाला आता? सत्तर वर्सं झाली त्याला," पुंडलिक म्हणाला. पण नको म्हणाला नाही.

चंपाबाई अजून पिशोरलाच, लेकाकडं राहायची. विशाखानं स्पीकर लावला.

"आजी, मी विशाखा. एक विचारायचं होतं. लहानपणी तंबाखूच्या वावरात तुझ्या हाताला काटा रुतला होता म्हणे."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"त्यानं सांगितलं व्हय?"

"हो."

"हाय का तो तिथं?"

विशाखानं आबाकडं पाहिलं. "हो. ऐकतायत."

"व्हय गं बाई," चंपाबाई म्हणाली. "लई खोल रुतला व्हता."

पुंडलिकनं हात पुढं केला. विशाखानं त्याच्या हातात मोबाइल दिला. त्यानं तो तोंडाजवळ धरला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विशाखानं ओढणीच्या टोकानं पट्टीची कड हलकेच टिपली.

"पुंड्या," पलीकडून आवाज आला. "जेवलास का?"

त्याचं जेवण होऊन तास झाला होता. ताट विशाखानंच घासून ठेवलं होतं.

"नाय अक्का," पुंडलिक म्हणाला. "अजून नाय."