निळ्या पाटीखालची गाडी

"पाटी दिसली न्हाई का?" हवालदारानं काचेवर टकटक केलं. शिरूरच्या हॉटेलासमोरची ती जागा अपंगांसाठी राखीव होती. हौसरावांनी गाडी मुद्दाम तिथंच घुसवली होती, कारण लिफ्ट तिथून चार पावलांवर होती.

मागच्या सीटवर त्यांचा मुलगा माऊली घामाघूम झाला होता. आज त्याला मुलगी बघायची होती. आधी वर जाऊन टेबलामागं बसायचं, मग पाहुण्यांना बोलवायचं, असा वडिलांचा बेत. पोरगं लंगडताना कुणाला दिसता कामा नये. कारखान्यातल्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि लग्न उरकेपर्यंत ही गोष्ट त्यांच्या निमोणे गावाच्या शिवेबाहेर जायची नव्हती. काचेवरचा अपंगांचा स्टिकर हौसरावांनी सकाळीच ब्लेडनं खरवडून काढला होता.

पण पाहुण्यांनीच घोळ घातला. अर्धा तास आधीच येऊन दारात उभे. मुलीचे वडील मारुतराव हसत पुढं आले, मागं मुलगी, अनुपमा. हौसराव गडबडीनं खाली उतरले. "पोरगं फोनवर हाय, येतंय," अशी त्यांनी थाप मारली. माऊलीनं मुकाट्यानं मोबाईल कानाला लावला. समोर कुणी नसताना बोलणार तरी काय, कपाळ?

"कार्ड आसंल तर दाखवा, न्हाईतर दंड भरा," हवालदार हटेना.

कार्ड माऊलीच्या पाकिटात होतं. त्यानं खिसा चाचपला आणि हात मागं घेतला.

हौसरावांची अशी शोभा झालेली मारुतरावांना बघवेना. त्यांनी हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, गाडीत अपंग माणूस हाय आसं समजा की. कोण बघाय येतंय?"

हौसराव एकदम तडकले. "काय बोलताय, पाहुणं? आमच्या घरात तसलं कुणी न्हाई. फाडा हो पावती."

तसलं. माऊलीला स्वतःची लाज वाटली, मग वडिलांची वाटली, आणि मग बसवेचना. त्यानं दार उघडलं. हातानं उचलून उजवा, कृत्रिम पाय बाहेर ठेवला, दाराला धरून उभा राहिला आणि लंगडत हवालदारापाशी गेला.

"हे घ्या कार्ड. माझंच हाय."

हवालदार ओशाळून बाजूला झाला. हौसरावांची मान खाली गेली. मारुतरावांच्या तोंडचं हसू कुठल्या कुठं गेलं. "चल," म्हणत त्यांनी लेकीचा हात धरला. अनुपमा हलली नाही. ती माऊलीच्या घामानं भिजलेल्या शर्टाकडं बघत होती.

"गाडीत कधीपासून बसवून ठेवलंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

माऊलीनं वडिलांकडं पाहिलं नाही.

"पाय गेल्यापास्नं."