दंडावरची सवत

"शर्ट काढा आणि इथे आडवे व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोहायला शिकवणारे मास्तर गुपचूप आडवे झाले. त्यांच्या बायकोने शर्ट घेतला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. शर्ट तिनेच शिवला होता. उभा जन्म तिने लोकांचे कपडे शिवले, प्रत्येकाला हवे तसे. नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या मात्र ती कुणालाही न विचारता कोपराच्या खाली दोन बोटं ठेवायची. डाव्या दंडावर गोंदलेली ती बाई झाकली जावी म्हणून.

आता ती बाई उजेडात आली होती. खिडकीला निळा पडदा होता आणि त्यातून येणारं दुपारचं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. लेझरचं मशीन बारीक आवाजात गुणगुणत होतं. बायकोला वाटलं, ही खोली आपण आधी कधीतरी पाहिली आहे, बहुतेक झोपेतच.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता तेव्हाची गोष्ट. मास्तर मोठ्या हौसेने तिचा फोटो घेऊन गोंदवणाऱ्याकडे गेले. त्याची सुई जाड आणि हात त्याहून जड. घरी येऊन मास्तरांनी बाही वर केली. ती तेवीस वर्षांची होती, आणि दंडावर होती पापण्या उतरलेली, ओठांच्या दोन्ही बाजूंना रेघा असलेली कुणीतरी पोक्त बाई. "ही कोण?" तिने विचारलं. मास्तरांचा चेहरा जो पडला तो पडलाच. तलावावर उघड्या अंगाने उभं राहिल्याशिवाय भागत नाही. पहिल्याच आठवड्यात पोरांनी विचारलं, "सर, ही तुमची आई का?"

तेव्हापासून ती त्या बाईला सवत म्हणायची. म्हणायची हसत हसतच, पण झोपायची कायम त्यांच्या उजव्या बाजूला आणि रस्त्यानेही चालायची उजवीकडूनच. अशी एकतीस वर्षं गेली. सवत स्वप्नात यायची ती मात्र न विचारता. स्वयंपाकघरात फिरायची. साखर कुठल्या डब्यात आहे ते तिला बरोबर ठाऊक असायचं. गेल्या महिन्यात तर ती थेट शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि सवयीच्या हाताने सुईत दोरा ओवू लागली. बायको दचकून उठली. खरं तर तिला त्या बाईचा राग नव्हता, भीती होती. आपल्या नवऱ्याला आपल्या जागी पहिल्या महिन्यापासून दुसरीच कुणीतरी दिसत आली आहे, अशी भीती. सकाळी चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "आता या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी."

मास्तर इतकी वर्षं 'पुढच्या वर्षी बघू' करत आले होते. या वेळी त्यांनी नुसती मान डोलावली.

"सहा वेळा यावं लागेल," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "लेझरने शाई फुटते आणि मग अंगच ती हळूहळू बाहेर टाकतं. पण आज सुरू केलं की हा चेहरा परत मिळायचा नाही. चालेल?"

"चालेल," बायको म्हणाली. मास्तरांनी नजर छताला लावली.

डॉक्टरीणबाईंनी नोंदीसाठी दंडाचा फोटो काढला. मोठा करून पाहिला. मग बायकोकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"काकू, राग मानू नका. पण स्वतःचा इतका हुबेहूब चेहरा कुणी पुसून टाकतं का?"

बायको हसली. थट्टाच करताहेत, असं तिला वाटलं. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, तशी ती उठून बेसिनवरच्या आरशासमोर गेली. शिलाईच्या दुकानातल्या आरशात ती रोज बघायची, पण गिऱ्हाइकांचे खांदे आणि कंबर. चेहरा असा थांबून तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पापण्या उतरल्या होत्या. ओठांच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या. ती वळली आणि दंडाजवळ येऊन वाकली. शाईही इतक्या वर्षांत मऊ झाली होती, जाड रेघांच्या कडा विरल्या होत्या. सवत तिच्याकडे ओळखीचं बघत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चारेक वर्षं झाली," मास्तर छताकडे बघत म्हणाले. "तू तलावावर किल्ली द्यायला आली होतीस ना, तेव्हा एक पोरगी पाण्यातून ओरडली, सर, हातावरच्या काकू आल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू आता त्या म्हातारीसारखी दिसायला लागलीस म्हणून? त्यापेक्षा हात भाजून घेतलेला बरा."

डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं. गुणगुण थांबली आणि खोली एकदम मोठी वाटू लागली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं, आणि कशाला आधी वाट द्यावी ते तिला कळेना. मास्तरांनी शर्टासाठी हात पुढे केला. तिने तो स्वतःच त्यांच्या अंगात चढवला आणि बटणं लावली.

बाहेर ऊन कलतं झालं होतं. चार पावलं चालल्यावर ती मास्तरांच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली. मग चालता चालताच तिने त्यांची बाही दोन बोटांत धरली आणि वर सरकवून माप घेतलं.

"घरी गेल्यावर सगळे शर्ट काढून ठेवा," ती म्हणाली. "बाह्या आखूड करायच्यात."