वाचकांच्या मनातलं

"वाचून गुपचूप निघून जाऊ नका, दोन शब्द लिहा," असं श्रीनिवास डबके आपल्या ब्लॉगवर वर्षानुवर्षं विनवत होते. कोणी लिहीत नव्हतं. शेवटी त्यांनी नवी सोय सुरू केली. आता वाचणाऱ्याच्या मनात येईल ते लेखाखाली आपोआप उमटणार होतं.

"अहो, लोक गप्प आहेत तेच बरंय," बायको म्हणाली.

डबक्यांनी 'मी केलेली आईची सेवा' हा लेख टाकला.

"फारच लांबलंय," पहिली प्रतिक्रिया उमटली. डबके हसले.

मग नागपूरच्या धाकट्या बहिणीची, कुंदाची आली: "आईचं सगळं मी काढलं. दादा फोन करायचा. जाऊ दे, लिहितो मात्र छान."

डबक्यांचे कान तापले. वाचणाऱ्यांत तेही होतेच, त्यामुळे लगेच खाली त्यांच्या नावाने उमटलं: "बाप रे, कुंदा हे वाचते?"