अर्ध्यासाठी बसायचं नाही

पूनमनं चार पत्ते सतरंजीवर उलटे केले. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी.

"ठेवते," ती म्हणाली. "ओळीनं आल्यात की."

विरुपाक्ष बिराजदार सरांनी मान हलवली. हीच चूक ती तिसऱ्यांदा करत होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला चुकीची चीड नव्हती, पण तीच चूक पुन्हा झाली की ते अस्वस्थ होत. त्यांनी वही ओढली आणि पहिल्यापासून समजावायला घेतलं.

खेळ तसा सरळ होता. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. हातातले दोनच वापरायचे, मधले तीन. डावात लागलेल्या टोकनांचे दोन भाग होतात. अर्धा सगळ्यात वरच्या पानांना, अर्धा सगळ्यात खालच्या पानांना. खालचं म्हणजे अठ्ठी किंवा तिच्याखालची, पाच वेगवेगळी; एक्का वरही चालतो, खालीही. तशी कुणाचीच जमली नाहीत, तर वरचा सगळा डाव नेतो. सत्ती ते दश्शी ही मधली पानं. ती ना धड वर पोचतात, ना धड खाली.

"मग कशानं बसायचं?" पूनमनं विचारलं.

"एक्का-दुर्री. सोबत तिर्री असली तर उत्तम. एक्क्याच्या रंगाचं आणखी एक पान असलं तर त्याहून उत्तम. बाकीचं टाकायचं."

"सगळं टाकतच बसायचं व्हय अप्पा?"

"व्हय. अर्ध्यासाठी बसायचं नाही. दोन्हीकडं हात पोचत असेल तरच बसायचं."

एवढं सलग ते बऱ्याच महिन्यांनी बोलले होते.

डिसेंबरात पत्नी गुरम्मा गेल्या, तेव्हापासून सरांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. शिकवण्या बंद केल्या. शेजारचे मल्लिनाथ रोज यायचे, तासभर समोर बसायचे आणि उठून जायचे. ताटातली भाकरी तशीच राही. मार्चमध्ये लेक पूनम पुण्याहून आली आणि घरूनच नोकरीचं काम करू लागली. आठवडाभरानं तिनं पत्त्यांचा जोड आणि या खेळाच्या नियमांचा कागद पुढं ठेवला. सोलापुरात ऑगस्टमध्ये स्पर्धा आहे, म्हणाली, होटगी रोडच्या एका हॉटेलात. पैसे लावायचे नाहीत, नुसती टोकनं. जिंकणाऱ्याला ढाल. आपल्याला उतरायचंय, पण पहिले चार पत्ते बघून बसायचं की उठायचं, तेच कळत नाही.

सरांनी दोन दिवस लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी, ती एकटीच पत्ते मांडत असताना, खुर्चीतून त्यांचा आवाज आला, "ते टाक."

पुढं त्यांनी ते कामच हाती घेतलं. रोज सकाळी शंभर हात वाटायचे. प्रत्येक हातापुढं 'ठेव' किंवा 'टाक' लिहायचं, आणि कारण एका ओळीत. पूनम चुकायची. एकदा तीन एक्के आले म्हणून ती हरखली. सरांनी शांतपणे सांगितलं, की वापरता येणार दोनच, आणि तिसरा मधे यायचा तो आपणच अडवून ठेवलाय. तिनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तीन राजे आले आणि तिनं तेही ठेवले.

पुठ्ठ्याचे पत्ते महिन्याभरात मऊ पडले. तेव्हा सर स्वतः सदरा घालून, रिक्षा करून नवी पेठेत गेले. तीन दुकानं फिरून प्लास्टिकचे दोन जोड घेऊन आले. आल्यावर म्हणाले की भूक लागलीय.

मे महिन्यात मल्लिनाथांनाही सतरंजीवर बसवलं. टोकनं म्हणून चिंचोके. मल्लिनाथ प्रत्येक हाताला बसत आणि प्रत्येक वेळी हरत. सर चार-चार, पाच-पाच हात टाकून देत, आणि मग एकदाच बसून दोन्ही अर्धे ओढून घेत. पूनम त्यांच्याकडं बघत राही. मग विचारी, हे का टाकलं, ते का ठेवलं. सर सांगत. सांगताना आता हातवारेही करत.

जुलैअखेर ती अचानक म्हणाली, की तिच्यानं होणार नाही. नाव काढून घेते. मोठ्या शहरांतली माणसं येणार, तिथं आपली फजिती नको.

सर उठून उभे राहिले. गुरम्मा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"चार महिने घातलेत आपण. आता माघार नाही. नाव आहे, तर बसायचं."

पूनम खाली मान घालून म्हणाली, "बरं अप्पा. नाव आहे, तर बसायचं."

स्पर्धेच्या दिवशी सर पहाटेच तयार झाले. रिक्षात त्यांनी तिच्याकडून पुन्हा एकदा सगळं म्हणवून घेतलं. ती एकदाही चुकली नाही. त्यांना समाधान वाटलं. मेहनत कामी आली.

हॉलमध्ये बारा टेबलं मांडली होती. बाटलीत पाणी भरून आणते म्हणून पूनम बाजूला गेली. सर नोंदणीच्या टेबलाशी गेले. तिथल्या मुलीला त्यांनी पूनम बिराजदार कुठल्या टेबलावर आहे ते विचारलं.

मुलीनं यादी पाहिली आणि हसली. "पूनममॅडम? त्या यंदा खेळत नाहीत, सर."

सरांना वाटलं, पोरीनं शेवटी कच खाल्लीच. त्यांनी टेबलावरच्या मुलीला सांगितलं, की नाव नीट बघा. नवीन आहे ती, पहिल्यांदाच उतरतेय.

"नवीन कुठल्या? मागची दोन्ही वर्षं ही स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा ढाल त्यांनीच घेतली. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी थेट जागा असते. ती त्यांनी मार्चमध्येच दुसऱ्याच्या नावावर केली."

"कुणाच्या?"

मुलीनं गळ्यात घालायचं ओळखपत्र काढून त्यांच्यापुढं धरलं. टेबल सात, खुर्ची तीन. विरुपाक्ष बिराजदार.