उग्रकेतूचा पहिलाच सर्ग

देवांच्या राजाचा मुकुट लाथेने उडाला आणि मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. कुंदापूरकडे यक्षगानात तिम्मप्पाचा उग्रकेतू बघायला लोक ताटावरून उठून येतात. "कुणी कुणाचा धनी नाही!" तो गरजला. अहाहा! राक्षस असावा तर असा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मूळ काव्याचे सर्ग तीन. पहिल्यात उग्रकेतू देवांचं सिंहासन उलथवतो. दुसऱ्यात तेच सिंहासन सरळ करून त्यावर बसतो. तिसऱ्यात मान वर करणाऱ्यांच्या जिभा छाटतो. तिम्मप्पाचा मेळा खेळायचा फक्त पहिला. पुढचे सर्ग म्हणे रटाळ आहेत.

जुन्या मेळ्यातून तिम्मप्पा स्वतः असाच गरजत बाहेर पडला होता. तिथे मालकाला 'धनी' म्हणावं लागे, ते याला कसं सोसणार? "माझ्या मेळ्यात मला नुसतं अण्णा म्हणा," असं त्याने जाहीर केलं. म्हटलंही सगळ्यांनी, एक हंगामभर. मग अण्णांसाठी वेगळी खुर्ची आली. मग माशाच्या आमटीतला मोठा तुकडा आपोआप त्यांच्या ताटात पडू लागला. एकदा कुणीतरी चुकून 'धनी' म्हणालं आणि ते स्वारीला भलतंच गोड लागलं. पुढे एका मृदंगवाल्याने सवयीने 'अण्णा' म्हटलं, त्याला घरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून मेळ्यात उठता-बसता धनी, धनी!

उग्रकेतूच्या दूताचं काम ऐतप्पाकडे होतं. माणूस भला, पण मंचावर गेला की शब्द विसरायचा. घरी खाणारी तोंडं होती आणि या वयात दुसरा मेळा त्याला घेणार नव्हता. तोंडाला रंग लावता लावता तिम्मप्पाने त्याला दम भरला होता, "मी विचारलं की नुसतं 'नाही' म्हणायचं. नीट, अदबीने. आज माती खाल्लीस तर उद्या गाडीत चढू नकोस. काय?"

ऐतप्पाने मुंडी हलवली. तेव्हापासून बिचारा तो एकच शब्द घोकत होता.

मंचावर कथा गाणाऱ्या भागवतांचं गाणं थांबलं. झांजा थांबल्या. उग्रकेतूने मिशीवर ताव दिला.

"सांग रे दूता, सगळ्या जगाला ओरडून सांग! माझ्या राज्यात कुणी कुणाला धनी म्हणतं का?"

ऐतप्पाने हात जोडले, कमरेत वाकला आणि जीव एकवटून ओरडला,

"नाही, धनी!"