उजवी बाजू जड

या वेळीही उजवी बाजू जड झाली होती.

चिमणीने हेडफोन काढून नवऱ्याच्या कानांवर चढवला. "ऐक. मला भास होतोय का?"

नवऱ्याने भुवया उंचावल्या. "भास कसला! डावीकडे पियानो लाजून उभाय आणि उजवीकडे कुणीतरी कपाट सरकवतंय. तुझ्या त्या कात्रीला म्हणावं, आधी धड हेडफोन घे."

चाळिशी उलटली तरी तिला घरीदारी चिमणीच म्हणत. ती जॅझ गायची आणि पियानोवर आपली साथ आपणच करायची. दोन वर्षांपूर्वी तिने ही गाणी नाचाच्या ठेक्यावर चढवायचं मनावर घेतलं, आणि रीमिक्स करणाऱ्या पहिल्याच माणसाने त्यांचं मातेरं केलं. दोन ओळींमधले तिचे श्वास त्याने केर समजून झाडून टाकले. ते गाणं ऐकताना तिचा स्वतःचाच जीव गुदमरायचा.

मग एका दुपारी अनोळखी निरोप आला. खाली नाव होतं, कात्री. "श्वास कापायचे नसतात. गाणं माझ्याकडे द्या."

तेव्हापासून सात गाणी झाली. कात्री कधी भेटला नाही, कधी फोनवर बोलला नाही. चिमणीच्या डोळ्यांपुढे केस रंगवलेला, पडदे ओढून बसणारा कुणी पोरगेलासा माणूस यायचा. काम मात्र बावनकशी. खाली ठेका दुथडी भरून वाहायचा आणि वरून तिचा आवाज पाय न भिजवता पलीकडे जायचा.

फक्त ती उजवी बाजू. तिने एकदा तसं कळवलं होतं. उत्तर आलं, "असेल. तुम्ही उतरवून घ्या." ती दर वेळी उजवीकडचा आवाज उतरवून घ्यायची.

हे आठवं गाणं मात्र मावशीचं होतं. 'दार नुसतं लोट, कडी घालू नको.' शब्द मावशीचे, चाल मावशीची. परवा, शनिवारी, ते भरल्या सभागृहात वाजणार होतं, आणि चिमणीने मावशीला विचारलं नव्हतं.

मावशी दिवसभर रेडिओ केंद्रात ध्वनिफिती कापत-जोडत राबायची आणि संध्याकाळी भाचीला शिकवायची. चिमणी पियानोपुढे बसायची आणि मावशी तिच्या डाव्या हाताशी खुर्ची टाकायची. म्हणायची, "उजवा हात मिरवतो, लबाडी करतो तो डावा." अशी वीस वर्षं गेली.

पहिलं रीमिक्स ऐकलं त्या दिवशी मावशीने जेवता जेवता ताट सारलं होतं. "माझी चाल बसून ऐकायची आहे. तिच्यावर उड्या मारायच्या असतील, तर हा उंबरा विसर." चिमणीही कमी हट्टाची नव्हती. दोघी एकाच मातीच्या. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही.

"न सांगता वाजवलंस तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर मी चोर."

"आणि सांगितलंस नि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही वाजवणार."

"पाचशे माणसं येतायत, चिमणे."

"एक माणूस येत नाहीये ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मावशीच्या दाराशी उभी राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, तशी ती आत गेली.

मावशी खिडकीशी मटार सोलत बसली होती. वाटीवर सावली पडली तेव्हा तिने वर पाहिलं. किती वाळली होती ती!

"आलीस," एवढंच म्हणाली. वाटी घेऊन उठली आणि पियानोजवळच्या त्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली. झाकण उघडंच होतं, पट्ट्यांवर धुळीचा कण नव्हता. चिमणीचे पाय सवयीने बाकाकडे वळले.

मावशीकडे बघायचा धीर होईना. पट्ट्यांकडे बघतच ती हळू आवाजात बोलू लागली.

"मावशी, तुझी चाल मी नाचायला दिली. तुला न विचारता. उद्या वाजणार आहे ती. तू नाही म्हण, मी सगळं थांबवते. पण खरं सांगू? ती नाचायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ही चाल बांधताना तू किती हसली असशील."

शेंग फुटली. दाणे वाटीत पडले. मावशीने दुसरी शेंग उचलली.

चिमणी थांबली. मावशीचा राग तिला पाठ होता. तो वळवासारखा यायचा, झोडपायचा, निघून जायचा. हे गप्प राहणं नवं होतं. या गप्प राहण्याला आतून कडी घातलेली होती.

आणखी एक शेंग फुटली.

मग मात्र चिमणीच्याने बसवेना. ठीक आहे. नाही म्हणजे नाही. तिने डोळे पुसले, पियानोचं झाकण हलकेच मिटलं आणि खुर्चीला वळसा घालून ती पलीकडे आली.

"येते मी," ती म्हणाली.

मावशी दचकली. "अगं, निघालीस कुठे? दोन वर्षांनी तोंड दाखवलंस, आणि आल्यापासून आपली तिकडे बसून पुटपुटतेयस! ओढ ती खुर्ची. इथे, माझ्या डाव्या बाजूला बस, आणि काय ते पहिल्यापासून सांग. उजवा कान निम्मा गेलाय माझा, तिकडचं सगळं कमीच ऐकू येतं." तिने वाटी चिमणीच्या हातात दिली. "आणि काय गं, आठव्या गाण्याची उजवी बाजू उतरवून घेतलीस ना? की उद्या तशीच नेणार आहेस, जड?"